ओझर ते सांबरा : विमानाचा एक तास, आमचे तीन दिवस

आमच्या व्यापारी बांधवांत हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. अमुक विमानतळापासून तमुक विमानतळ किती लांब, आणि विमान किती वेळात पोहोचवते? पूर्वी हा प्रश्न मुंबई-दिल्लीपुरता होता. आता शिर्डी, ओझर, जळगाव, नांदेड, कोल्हापूर, बेळगाव ही नावे दुकानाच्या गादीवर बसून घेतली जातात. उत्तर सोपे वाटते. आम्हीही ते सोपेच समजलो होतो आणि त्या समजुतीपायी सव्वादोन लाखांची पेशगी जवळजवळ घालवून बसलो होतो. म्हणून हा हिशेब वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे दुकान संगमनेरला. जिल्हा अहमदनगर, २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलण्यात नुसते नगर. संगमनेरची जागा मोठी मजेची आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचे हे गाव. उत्तरेला नाशिक ७० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यापुढे आग्रा रस्त्याने गेले की ओझरचा विमानतळ. दक्षिणेला पुण्याचे लोहगाव, सुमारे १४० किलोमीटर. आणि अगदी उशाशी, कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी, शिर्डीचा विमानतळ. हा काकडीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. संगमनेरपासून तो सरळ रेषेत २२ किलोमीटर भरतो. रस्त्याने अर्थातच जास्त, कारण रस्ता गावे, नाले आणि शेताचे बांध पाहून जातो.

तीन विमानतळांच्या मध्ये बसलेल्या माणसाला वाटते की आपल्याला सगळीकडे जाणे सोपे. वास्तविक पाहता, विमानतळ जवळ असणे वेगळे आणि तिथून आपल्या कामाच्या गावाला विमान असणे वेगळे. काकडीहून हैदराबादला विमान मिळाले, मुंबईला मिळाले. आमचे काम निघाले बेळगावात.

बेळगावचे वडगाव, खासबाग, शहापूर हे भाग साडीच्या मागांसाठी प्रसिद्ध आहेत. वडगावच्या एका मागवाल्याशी आमचा चौदा वर्षांचा व्यवहार. त्याचे सहा यंत्रमाग होते. लग्नसराईच्या आधी आम्ही पेशगी द्यायची, त्याने माल विणून ट्रान्सपोर्टने धाडायचा, शेवटी हिशेब. कधी कागद केला नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराने बेळगाव जिल्ह्यातल्या मागवाल्यांचे कंबरडे मोडले, आणि २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले नेले. २०२१ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्याचा फोन आला : "शेठ, माग भंगारात देतोय. भंगारवाला परवा सकाळी गाडी घेऊन येतो. तुमचा ताणा बीमवर चढलेला आहे. त्याआधी येऊन जा, मग मला बोल लावू नका."

त्या वेळी आमच्या डोक्यात विमान बसलेले होते. त्याच वर्षी २५ जानेवारीला, म्हणजे जेमतेम पंधरवड्यापूर्वी, केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेखाली स्टार एअर कंपनीचे बेळगाव-नाशिक विमान सुरू झाले होते. पन्नास आसनांचे एम्ब्राएर जातीचे लहान जेट. रस्त्याने दहा तास आणि विमानाने एक तास, अशी तुलना जो तो करीत होता. आमच्या पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन होऊन वर्ष झाले होते आणि डॉक्टरांनी लांबचा मोटार-प्रवास मना केलेला. आम्ही घरात जाहीर केले, एका तासात बेळगाव गाठतो.

आता हा 'एक तास' येतो कुठून, ते पाहू. आम्ही कापडवाले, मोजणे हाच धंदा. शाळेत आम्हाला जुग्राफिया शिकवणाऱ्या उस्तादांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती : उत्तर-दक्षिण अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानवाले आजही याच मैलात अंतर मोजतात. ओझरचा विमानतळ २० अंश ७ मिनिटांवर. बेळगावचा विमानतळ, जो शहराबाहेर सांबरा गावी आहे, १५ अंश ५२ मिनिटांवर. फरक ४ अंश १५ मिनिटे, म्हणजे २५५ मिनिटे, म्हणजे २५५ सागरी मैल. किलोमीटर झाले ४७२. सांबरा ओझरच्या थोडा पूर्वेला आहे, सुमारे ७५ किलोमीटर. काटकोन त्रिकोणाच्या हिशेबाने सरळ रेषा निघते ४८० किलोमीटरच्या आसपास. ज्याच्याकडे नकाशा आणि फूटपट्टी आहे त्याने हे घरी करून पाहावे, फार फरक पडणार नाही.

असले लहान जेट वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या जवळपास जाते. म्हणजे ४८० किलोमीटरला ३६ मिनिटे. मग वेळापत्रकात तास का? कारण विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचा वेळ धरतात. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणे, चढणे, वळणे, उतरण्याच्या रांगेत थांबणे, पुन्हा रांगत येणे. पंखेवाले एटीआर विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. त्याला हेच अंतर सव्वा तासाहून अधिक लागेल. लहान अंतराची गंमत अशी की विमान जितके जवळ जाते तितका त्याचा चढण्या-उतरण्याचा वाटा वाढत जातो. ओझर आणि काकडी या दोन विमानतळांमधले सरळ अंतर ६८ किलोमीटर भरते. वेगाने भागले तर पाच मिनिटे. पण पाच मिनिटांत जेट धड चढतही नाही, तोच उतरायची वेळ येते. तो हिशेब कागदावर बरोबर आणि धंद्यात निरुपयोगी.

ओझर ते सांबरा ही सरळ रेषा आम्ही नकाशावर आखली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि घरातले सगळे हसले. ही रेषा आमच्याच जिल्ह्यावरून, अकोले गावाच्या अगदी जवळून जाते. म्हणजे आमच्या दुकानाच्या पश्चिमेला वीस-बावीस किलोमीटरवर. आम्ही आधी ८५-९० किलोमीटर उत्तरेला उलटे जाणार, तिथे विमानात बसणार, आणि ते विमान आम्हाला परत आमच्या घराशेजारून दक्षिणेला नेणार. पुतण्या म्हणाला, "चाचा, वरून हात दाखवा, आम्ही गच्चीवर उभे राहतो."

हसणे लवकरच थांबले. तिकीट काढायला गेलो तेव्हा कळले की हे विमान रोज नाही, आठवड्यातले ठरावीक तीन दिवस आहे. आमच्या कामाचे विमान भंगारवाल्याच्या दुसऱ्या दिवशी होते! आम्ही तास पाहिला होता, वार पाहिला नव्हता. मागवाल्याला फोन करून एक दिवस थांबण्याची विनंती केली. तो म्हणाला, गाडी ठरली आहे, भंगारवाल्याचा बयाणा घेऊन घरात खर्चही झाला आहे. अशा माणसाला आणखी काय म्हणणार? आम्ही फोन ठेवला आणि बराच वेळ तसेच बसून राहिलो.

पुतण्या म्हणाला, "चाचा, उद्या रात्रीच्या गाडीने मी जातो."

तो रात्री आठ वाजता संगमनेरच्या स्टँडसमोरून खासगी बसमध्ये बसला. पुणे, सातारा, कोल्हापूर करीत सकाळी साडेसहाला बेळगावात उतरला. सुमारे ४८० किलोमीटर, साडेदहा तास. वाचकांनी हा योगायोग पाहावा : संगमनेर-बेळगाव रस्त्याचे अंतर आणि ओझर-सांबरा हवेतले अंतर जवळजवळ सारखेच. आमच्या गावाची जागाच अशी की उत्तरेला जाऊन विमान धरण्यात हवेतल्या सरळ रेषेचा सगळा फायदा फिटून जातो. उरतो तो केवळ वेगाचा फायदा.

भंगारवाल्याची गाडी नऊ वाजता आली. तोवर पुतण्याने मागवाल्याबरोबर चहा घेतला होता, बीमवरचा ताणा मोजला होता, तयार साड्यांच्या घड्या मोजल्या होत्या. चार माग गेले. ज्या दोन मागांवर आमचा ताणा होता ते थांबवण्यात पुतण्याला यश आले. त्यांच्यावरचे काम पुरे करून द्यायचे, तयार ८६ साड्या लगेच उचलायच्या, आणि उरलेली रक्कम पुढल्या दिवाळीपर्यंत हप्त्याने, असे ठरले. पेशगीचा मोठा भाग वाचला. तो बसने वाचला, विमानाने नव्हे, हे आम्ही लिहून ठेवतो.

आम्ही दुसऱ्या दिवशी विमानाने गेलोच. तिकीट काढलेले होते, आणि चौदा वर्षांच्या माणसाला अशा वेळी नुसता पुतण्या पाठवून गप्प बसणे आम्हाला बरे वाटेना. आता घड्याळाचा हिशेब ऐका. घरातून निघून ओझरला पोहोचायला, नाशिकची गर्दी धरून, सव्वादोन तास. विमान सुटण्याआधी दीड तास हजेरी. विमान एक तास, अगदी ठरल्याप्रमाणे. सांबऱ्याला उतरून, ताप मोजून घेऊन, सामान ताब्यात मिळायला वीस-पंचवीस मिनिटे. तिथून शहर दहा-बारा किलोमीटर, वडगाव त्यापुढे. अर्ध्या तासाहून थोडे अधिक. एकूण पावणेसहा तास. मोटारीने थेट गेलो असतो तर साडेनऊ-दहा तास लागले असते. म्हणजे विमानाने खरोखर चार तास वाचवले आणि पाठही वाचवली. ते आम्ही नाकारत नाही. परंतु एका तासात बेळगाव ही गोष्ट फक्त त्या माणसासाठी खरी, जो ओझरच्या धावपट्टीवर राहतो आणि ज्याचे काम सांबऱ्याच्या धावपट्टीवर आहे.

आणि फोन आल्यापासून आम्ही त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहीपर्यंत तीन दिवस गेले होते. खोलीत चार मागांच्या जागी तेलाचे काळे चौकोन उरले होते. मागवाला उठून सामोरा आला, आम्हाला खुर्ची दिली, आणि म्हणाला, "शेठ, एका तासात आलात म्हणे?" त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, कुणीतरी त्याला सांगितले असावे. आम्ही मान हलवली.

परतीची कथा थोडक्यात. पुढचे विमान दोन दिवसांनी होते. लॉजमध्ये दोन रात्री काढण्यापेक्षा आम्ही कोल्हापूरपर्यंत आलो, साडूंकडे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी पुणे, तिथे दुपारची विश्रांती, आणि संध्याकाळी घर. आमचे आजोबा बैलगाडीने आठवडे बाजार करीत. ते अंतर कधी कोसात सांगत नसत, मजलीत सांगत. अमुक गाव दोन मजली. उर्दूतली मंझिल आणि मराठीतली मजल एकच. एका दिवसात माणूस आणि जनावर थकून जिथे थांबतात ते ठिकाण. त्या मापात वार, विश्रांती, रात्र सगळे आपोआप धरलेले असायचे. आमच्या पाठीने आम्हाला पुन्हा त्या मापावर आणले.

आता धंद्याच्या दृष्टीने 'उडान'चा विचार करू, कारण वार आणि वेळापत्रक यांचे मूळ तिथे आहे. ही योजना २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली आणि तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या, उड्डाणासाठी ठरावीक आसनांना २५०० रुपयांची मर्यादा, अशी तिची सुरुवातीची मांडणी होती. स्वस्त तिकिटाने कंपनीला जो तोटा होतो तो सरकार भरून देते. पण किती काळ? तीन वर्षे. त्यानंतर मार्गाने आपल्या पायावर उभे राहावे. हे आपल्या उधारीसारखेच झाले. पहिल्या मुदतीत गिऱ्हाईक बांधले गेले तर ठीक, नाहीतर खाते बंद.

खाती बंद झाल्याची उदाहरणे आपल्या डोळ्यांसमोरची आहेत. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एअर डेक्कन कंपनीने नाशिक-पुणे विमान सुरू केले, अठरा-एकोणीस आसनांचे. ओझर आणि लोहगाव जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. सरळ अंतर १७० किलोमीटरच्या आसपास, रस्त्याने सव्वादोनशेच्या आत. विमानाने दोन्हीकडची हजेरी आणि टॅक्सी धरली तर मोटारवाला तोवर पुण्यात जेवून मोकळा होतो. अशा मार्गावर माणूस विमानात हौसेने एकदा बसतो, दुसऱ्यांदा शिवनेरी किंवा स्वतःची गाडी पकडतो. ती कंपनी २०२० मध्ये थांबली. ट्रूजेट कंपनीची विमाने नाशिक, जळगाव, नांदेड, कोल्हापूर अशी आपल्या भागात फिरत होती. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली. आमच्या मते सरळ रेषेत २०० किलोमीटरच्या आतले अंतर लहान विमानतळांच्या जोडीला पेलत नाही, मध्ये समुद्र किंवा घाट नसेल तर. ४०० ते ६०० किलोमीटरची जोडी पेलते, पण तिला रोजचे विमान हवे.

मालाबद्दलही दोन शब्द. आमच्यातले काही तरुण समजतात की विमान आले म्हणजे माल विमानाने येईल. पन्नास आसनी विमानाच्या पोटात साडीच्या गाठी मावत नाहीत, आणि मावल्या तरी भाडे साडीच्या नफ्याला खाऊन टाकील. त्या ८६ साड्या बेळगावहून ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवरच आल्या, तिसऱ्या दिवशी. आमच्या बॅगेतून आले ते फक्त नमुने. नमुना मात्र विमानाने आणण्यात अर्थ आहे. रंग, काठ, पोत डोळ्यांनी पाहून गिऱ्हाईक त्याच दिवशी हो म्हणते, आणि लग्नसराईत एक दिवस आधी मिळालेला होकार मोलाचा असतो.

काकडीच्या बाबतीत सुरुवातीची मोठी अडचण म्हणजे तिथे रात्री विमान उतरत नसे. रात्री उतरण्याचा परवाना २०२३ मध्ये मिळाला. तोपर्यंत दिवसाउजेडी जे होईल ते, आणि हिवाळ्यात सकाळी हवा धूसर असली की तेही नाही. अडीच किलोमीटरची धावपट्टी, नवी इमारत, पण धुक्यापुढे इलाज नाही. ज्याला सकाळी मुंबईत सौदा करून संध्याकाळी घरी यायचे आहे त्याला विमानाच्या वेगापेक्षा धावपट्टीवरचे दिवे महत्त्वाचे.

दुसरीकडे रस्त्याने आपला हिशेब बदलून टाकला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये तो भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पोहोचला. कापडवाल्याला भिवंडी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. काकडी ते मुंबई विमानतळ सरळ रेषेत १७० किलोमीटर आहे, पण मुंबई विमानतळावर उतरून पुन्हा भिवंडीला उलटे यावे लागते. आम्ही सिन्नरजवळ समृद्धीला लागतो आणि घाटाचा जुना ताप टाळून थेट भिवंडीच्या तोंडाशी उतरतो. सकाळचा चहा संगमनेरला घेतला तर दुपारच्या आत गोदामात हात घालून कापड पाहता येते. या कामासाठी काकडीचे विमान आम्हाला कोणी फुकट दिले तरी उपयोगाचे नाही. तेच हैदराबादचे काम असेल तर, सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, आम्ही आधी काकडीचे वेळापत्रक पाहतो.

वेळापत्रके हंगामाप्रमाणे बदलतात, ऑक्टोबरअखेर आणि मार्चअखेर. मागच्या वर्षी जाणारे विमान यंदा जातेच असे नाही, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच चौकशी करावी. आमच्या दुकानात पुतण्याने खातेवहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक कागद चिकटवला आहे. त्यात गावाचे नाव, मग जाण्याचे वार, मग परतीचे वार, मग घरापासून धंद्याच्या दारापर्यंतचे तास, आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात, विमानाची मिनिटे. बेळगावच्या ओळीत शेवटचा रकाना त्याने कोराच ठेवला आहे.

वडगावच्या मागवाल्याने ठरल्याप्रमाणे दिवाळीपर्यंत हप्ते दिले, एक हप्ता उशिरा. दोन मागांवर त्याने पुढल्या मोसमात पुन्हा काम धरले. त्याचा पहिला माल पाहायला पुतण्या रात्रीच्या गाडीने गेला होता.